प्रहसनाला शेवट हवाच का? नगरचा मिलिगन, पायथॉन मंडळी आणि आपली बतावणी

ओसरी

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात नवा मिक्सर परत करायला एका दुकानात गेलो होतो. दुकानदाराने मिक्सर उलटासुलटा करून पाहिला आणि तो अगदी ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला. पाते फिरतच नाही, असे मी सांगितल्यावर ‘तुम्ही वाटण फार घट्ट करत असाल’ असे उत्तर मिळाले. वाटण अजून केलेलेच नाही, असे सांगितल्यावर ‘मग तर मिक्सरचा काहीच दोष नाही’ असा निष्कर्ष निघाला. मिक्सर घेऊन परत येताना रिक्षात मला हसू फुटले, कारण हाच संवाद मी पूर्वी पाहिला होता. फरक एवढाच की तिथे मिक्सरऐवजी पोपट होता.

७ डिसेंबर १९६९ रोजी ‘मॉन्टी पायथॉन’ या विनोदी लेखक-नटांच्या चमूच्या ‘मॉन्टी पायथॉन्स फ्लाइंग सर्कस’ या बीबीसीच्या मालिकेत ते मेलेल्या पोपटाचे प्रहसन पहिल्यांदा दाखवले गेले. त्याचा उगमही असाच बाजारातला आहे. चमूतल्या मायकेल पेलिनला एक मोटार विक्रेता भेटला होता, जो गाडीत कोणताही बिघाड असल्याचे कबूलच करत नसे. त्यावरून १९६८ मध्ये आधी मोटारीचे प्रहसन झाले, आणि पुढे चमूतल्याच जॉन क्लीज व ग्रॅहम चॅपमन यांनी ते पुन्हा लिहायला घेतले तेव्हा मोटारीच्या जागी काय ठेवावे याचा शोध घेता घेता टोस्टरवरून गाडी पोपटावर आली. मोटारीतला बिघाड नाकारणे हा खोटेपणा झाला. समोर पडलेल्या पक्ष्याचा मृत्यू नाकारणे ही मात्र वेगळ्याच जगाची गोष्ट आहे, आणि तरीही काउंटरच्या दोन्ही बाजूंची भाषा, सभ्यता आणि चिकाटी तंतोतंत रोजच्या दुकानातलीच राहते.

परंतु धागा काढण्याचे कारण पोपट नसून त्या प्रहसनाचा शेवट आहे. मूळ मालिकेत या प्रहसनाला शेवटच नाही. भांडण दुकानातून रेल्वे स्थानकापर्यंत भरकटते आणि मग चॅपमनने रंगवलेला लष्करी अधिकारी येऊन हे फारच खुळचट झाले असे म्हणून सगळे थांबवतो. पंचलाईन नाही, पडदा नाही, कोणी हरले-जिंकले नाही.

शेवट न करण्याची ही सवलत पायथॉन मंडळींनी कोणाकडून घेतली, हा भाग आपल्या जवळचा आहे. स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) झाला. वडील आयरिश, ब्रिटिशांच्या हिंदी लष्करात. मुलाचे बालपण पुण्यात आणि नंतर रंगूनमध्ये गेले, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब इंग्लंडला गेले. पुढे याच माणसाने १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवर ‘द गून शो’ हा विनोदी कार्यक्रम गाजवला. मार्च १९६९ मध्ये त्यांची ‘क्यू फाइव्ह’ ही मालिका दूरचित्रवाणीवर आली. तिच्यात एखादे प्रहसन सुरू व्हायचे आणि मध्येच दुसरेच काहीतरी होऊन बसायचे. नटांच्या कपड्यांना बीबीसीच्या कपडेपटाच्या चिठ्ठ्या तशाच लोंबत असायच्या, आणि विनोद संपला की सगळे जण ‘आता काय करायचे?’ असे पुटपुटत कॅमेऱ्याकडे पावले टाकत यायचे. पायथॉन चमूतल्या टेरी जोन्सने ही मालिका पाहिली आणि आपल्याला जे करायचे आहे ते या माणसाने आधीच करून टाकले, अशी त्याची भावना झाली. पायथॉन मंडळींनी त्या मालिकेचा दिग्दर्शक इयन मॅकनॉटन यालाच आपल्याकडे आणले, आणि पहिले काही भाग सोडले तर बहुतेक काम त्यानेच केले.

त्या वेळी प्रहसन लिहिण्याची रीत ठरलेली होती. एक चमत्कारिक कल्पना घ्यायची, ती तीन-चार पायऱ्या चढवायची आणि शेवटी एक जोरदार पंच मारून दिवे घालवायचे. अडचण अशी की कल्पना जितकी वेडी, तितका तो शेवटचा पंच फिका पडतो. खुळचट चालींचे मंत्रालय ही कल्पना घ्या (सप्टेंबर १९७०). संरक्षण, आरोग्य, शिक्षण यांच्या बरोबरीने सरकारात खुळचट चालण्याचेही एक खाते आहे. एक गरीब बिचारा अर्जदार आपली चाल सुधारण्यासाठी अनुदान मागायला येतो आणि ती पुरेशी खुळचट नसल्याबद्दल साहेब हळहळतात. आता याला ‘शेवट’ कोणता द्यायचा? अर्ज मंजूर झाला काय आणि नामंजूर झाला काय, आपल्याला जे मिळायचे ते मंत्रालयाच्या दारातच मिळालेले असते.

म्हणून त्यांनी बाहेर पडण्याच्या नाना वाटा शोधल्या. टेरी गिलियमची कापाकापीची ॲनिमेशन चित्रे एका प्रहसनातला माणूस उचलून दुसऱ्यात नेऊन टाकत. कधी सोळा टनांचे वजन डोक्यावर पडे, कधी चिलखत घातलेला सरदार पिसे काढलेली कोंबडी घेऊन येई आणि बोलणाऱ्याला हाणून निघून जाई. ‘स्पॅनिश इन्क्विझिशन’च्या, म्हणजे पाखंड्यांना शोधणाऱ्या धर्मन्यायालयाच्या, भागात (२२ सप्टेंबर १९७०) तीन धर्माधिकारी शेवटच्या प्रवेशासाठी बसने न्यायालयाकडे निघतात, तोवर पडद्यावर श्रेयनामावली धावू लागलेली असते, बसमध्ये बसलेल्या त्यांना ती दिसत असते, आणि ते धापा टाकत पोहोचतात तेव्हा कार्यक्रमच संपतो. माझ्या मते सर्वांत उत्तम वाट १९७२ च्या वाद घालण्याच्या दवाखान्याच्या प्रहसनात आहे. तिथे पोलीस अधिकारी येऊन सगळ्यांना अटक करतो, आणि योग्य पंचलाईन न देता नुसता पोलीस आणून प्रहसन संपवणे हाही त्याने लावलेला एक आरोप असतो. तो आरोप वाचता वाचता त्याच्या लक्षात येते की आपणही तेच करत आहोत. मग त्याला पकडायला दुसरा पोलीस येतो.

माझा प्रश्न असा : आपल्याकडच्या दूरचित्रवाणीवरील स्किटमध्ये कल्पना पुष्कळदा उत्तम असते, पण शेवटच्या दीड मिनिटात ती कोसळते. आपण शेवटाचा हट्ट सोडला तर?

कटिंग

ओसरी, मिक्सरबद्दल सहानुभूती आहे. निष्कर्षाबद्दल नाही.

शेवट न करणे ही युक्ती पहिल्यांदा करणाऱ्याला शोभते. त्यानंतर ती आळसाची सबब होते. पायथॉनचे एकूण ४५ भाग आहेत (तेरा-तेराचे तीन संच आणि क्लीज बाहेर पडल्यावर १९७४ मध्ये केलेले सहा). मी ते सगळे पाहिले आहेत आणि प्रामाणिकपणे सांगतो, त्यातला बराच भाग आज पाहवत नाही. पाहवत नाही तो नेमका अशा ठिकाणी, जिथे लिहिणाऱ्यांना पुढे काय करावे हे सुचले नाही आणि लष्करी अधिकारी धावून आला. पोपट टिकला तो शेवट नसल्यामुळे नव्हे. मेलेल्याला ‘मेलेला’ म्हणण्याचे जेवढे म्हणून प्रकार भाषेत आहेत, ते सगळे त्या गिऱ्हाइकाने एका दमात ओतले, आणि तोच त्या प्रहसनाचा खरा कळस आहे. कळस झाल्यावर देवळाला आणखी काही बांधायचे नसते. म्हणजे शेवट आहेच, फक्त तो दोन मिनिटे आधी येऊन गेला आहे.

तुम्ही शेवटाला दोष देत आहात. मी म्हणेन, आपल्याकडे दोष कळसाचा आहे.

झांजवाला

दोघांचेही म्हणणे वाचले. मी तमाशाच्या बाजूने थोडे सांगतो, कारण हा प्रश्न आपल्या मातीत फार पूर्वीच सुटलेला आहे असे मला वाटते.

गण झाला, गौळण झाली की वगाच्या आधी बतावणी येते. दोन माणसे, क्वचित तीन. एक शहाणा, दुसरा सोंगाड्या. विषय कोणताही : गावची निवडणूक, रॉकेलचे दुकान, नुकताच लागलेला सिनेमा, पाहुण्याने मागितलेला उधार पैसा. संहिता लिहिलेली नसते. सोंगाड्या समोरच्या गावाचा अंदाज घेऊन हवे तिथे वाढवतो, नको तिथे कापतो. आणि बतावणीला शेवट नसतो. ओसरी म्हणतात तसा तो नाकारलेला नसतो, तर त्याची गरजच पडलेली नसते, कारण पुढे वग उभा आहे. लोकांचे हसू उतरणीला लागले हे सोंगाड्याला ढोलकीवाल्याच्या आधी कळते; तो एक नजर टाकतो, ढोलकीवर थाप पडते आणि मंडळी पुढच्या कामाला लागतात. गौळणीतही तेच. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना पेंद्या आणि मंडळी अडवतात, मावशी तोंड सोडते, दाण म्हणजे जकात किती आणि कशावर यावरून वाद रंगतो. परंतु त्या वादाचा निकाल काय लागला हे विचारणारा प्रेक्षक मी आजवर पाहिलेला नाही.

त्यातही नीट पाहिले तर ओसरींचा मंत्रालयाचा नियम दिसतो. साक्षात देवाची वाट अडवणी, पण भाषा जकातनाक्याची. मडक्यांची मोजदाद होते, दराची घासाघीस होते. वेडेपणा एकाच जागी असतो. बाकी सगळे हिशेबाने चालते.

मिलिगन लहानपणी पुण्यात होते म्हणून त्यांनी बतावणी पाहिली असेल, असा धागा कोणी जोडू नये, ही विनंती. छावणीतल्या कॉन्व्हेंट शाळेत शिकणाऱ्या मुलाचा आणि तमाशाच्या फडाचा संबंध जोडायला माझ्यापाशी आधार नाही. दोन वेगळ्या लोकांना एकाच अडचणीवर एकच उपाय सुचला, एवढेच मी म्हणतो.

उत्तररात्र

मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे नदीपलीकडच्या ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या प्रहसनांच्या कार्यक्रमाबद्दल लिहिणे भाग आहे. ११ ऑक्टोबर १९७५ पासून न्यू यॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील ८-एच या स्टुडिओतून हा कार्यक्रम खरोखरच थेट प्रसारित होतो, आणि शेवटाच्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर सर्वस्वी घड्याळाशी बांधलेले आहे.

आठवड्याचा क्रम साधारण असा असतो. सोमवारी पाहुण्या कलाकारासमोर कल्पना मांडायच्या, मंगळवारची रात्र जागून लिहायचे, बुधवारी टेबलाभोवती बसून सगळी प्रहसने मोठ्याने वाचायची. त्यातली निवडक प्रहसने उभी करायची आणि शनिवारी रात्री आठ वाजता प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम करायची. तालमीत न हसलेले प्रहसन साडेअकराच्या प्रक्षेपणापूर्वी निघून जाते. जी उरतात, त्यांच्यातही शेवटच्या क्षणापर्यंत वाक्ये बदलत राहतात. म्हणून नट पाठांतरावर विसंबत नाहीत, समोर धरलेल्या मोठ्या पुठ्ठ्यांवरून वाचतात. त्यांची नजर सहकलाकाराच्या खांद्यावरून पलीकडे गेलेली दिसते, ती त्यामुळे.

अशा घाईत लिहिलेल्या प्रहसनाला घडीव शेवट मिळणार कुठून? त्यामुळे तिथे शेवट म्हणजे पुष्कळदा कॅमेरा हळूच मागे जातो, टाळ्या पडतात, बँड सुरू होतो आणि जाहिराती लागतात. जाहिरात हीच त्यांची ढोलकी आहे, असे झांजवाल्यांच्या भाषेत म्हणता येईल. (कार्यक्रमाच्या चाहत्यांमध्ये याच गोष्टीबद्दलची कुरकूर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.)

एक गोष्ट मात्र पायथॉन मंडळींनाही हेवा वाटावा अशी आहे. कार्यक्रम रात्री एकला संपतो, आणि एकला दहा कमी असताना जे शेवटचे प्रहसन लागते, ते सर्वांत विक्षिप्त असते. सामान्य प्रेक्षक तोवर झोपलेला असतो. लेखकांना स्वतःला जे आवडते पण अकरा चाळीसला दाखवायचे धाडस होत नाही, ते त्या जागेवर येते, आणि ‘एकला दहा कमी’ हे त्या प्रकारच्या प्रहसनाचे नावच पडून गेले आहे.

लोकप्रिय संस्कृतीवरच्या प्रहसनाचे उदाहरण द्यायचे तर ८ एप्रिल २००० चे काउबेलचे. सत्तरच्या दशकातल्या एका खऱ्याखुऱ्या रॉक गाण्याचे ध्वनिमुद्रण चालले आहे. विल फेरेल तोकड्या, घट्ट सदऱ्यात काउबेलवर, म्हणजे गाईच्या गळ्यातल्या घंटेसारख्या वाद्यावर, काठी आपटतो आहे. बाकीचे वादक वैतागले आहेत, आणि क्रिस्टोफर वॉकनने रंगवलेला निर्माता मात्र गंभीर चेहऱ्याने आणखी घंटा हवी असा आग्रह धरतो आहे. कल्पना एवढीच आहे. जिमी फॅलनला समोरच हसू आवरत नाही, हे दिसते. आणि शेवट? चित्र गोठते आणि त्या घंटावाल्याची जन्म-मृत्यूची वर्षे असलेली श्रद्धांजलीची पाटी येते. हा माणूस मुळात काल्पनिक. त्याच्या मरणाचा प्रहसनाशी काहीही संबंध नाही. मला तो शेवट शेवटांची थट्टा म्हणूनच आवडतो.

ओसरी

उत्तररात्र, तुमच्या ढोलकीच्या उपमेवरून एक खटला आठवला, जो या चर्चेला थेट लागू पडतो.

तुमचा कार्यक्रम सुरू झाला त्याच महिन्यात, ३ ऑक्टोबर १९७५ रोजी, एबीसी या अमेरिकी वाहिनीने पायथॉनच्या चौथ्या संचातले तीन अर्ध्या तासांचे भाग एकत्र करून दीड तासाचा कार्यक्रम दाखवला. दीड तासांपैकी तब्बल २४ मिनिटे कापली होती. काही जाहिरातींसाठी, काही ‘आक्षेपार्ह’ म्हणून. दुसरा असाच कार्यक्रम डिसेंबरात ठरलेला होता. पायथॉन मंडळी न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम दिला नाही, परंतु जून १९७६ मध्ये अपील न्यायालयाने मंडळींच्या बाजूने कौल दिला. कापाकापी करून त्यांच्या नावावर दाखवलेली गोष्ट ही मुळात त्यांची कृती उरत नाही, असा त्यातला गाभा होता. कलावंताच्या कृतीची मोडतोड या विषयावर तो निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो.

मला यातून वेगळेच दिसते. प्रत्येक प्रहसनाला पक्का शेवट असता, तर त्यातले एक-दोन उचलून फेकले तरी बाकीचे उभे राहिले असते. इथे मात्र एकाचे शेपूट दुसऱ्याच्या तोंडात होते. पहिल्या दहा मिनिटांत टाकलेली एक निरर्थक ओळ पंचविसाव्या मिनिटाला परत येऊन हसवते. मधले कापले की ती नुसतीच निरर्थक उरते. म्हणजे कटिंग म्हणतात तसा हा आळस नव्हता. शेवट एकेका प्रहसनातून काढून त्यांनी तो संपूर्ण अर्ध्या तासावर पसरला होता.

कटिंग

हे मान्य. पण मग ‘शेवट नको’ असे म्हणू नका. ‘शेवट लांबणीवर टाका’ असे म्हणा. दोन्हींत पुष्कळ फरक आहे, आणि दुसरे पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

लीड्सकर

मिलिगन यांचे कौतुक चालले आहे ते योग्यच आहे, पण विलायतेत तीस वर्षे राहिलेला मराठी माणूस म्हणून त्याची दुसरी बाजू मांडली नाही तर मला रुखरुख लागेल.

ज्या १९६९ मध्ये ‘क्यू फाइव्ह’ आली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मिलिगन चेहऱ्याला काळपट रंग फासून ‘करी अँड चिप्स’ नावाच्या मालिकेत अर्धा पाकिस्तानी, अर्धा आयरिश कामगार झाले होते. कारखान्यातल्या वंशद्वेषाची खिल्ली उडवणे हा हेतू असल्याचे सांगितले गेले, परंतु पडद्यावर दर दुसऱ्या वाक्याला शिवीच ऐकू यायची, आणि सहा भागांनंतर नियामक संस्थेच्या सांगण्यावरून ती मालिका बंद झाली. नगरमध्ये जन्म झाल्याने हिंदुस्थानी उच्चारांची नक्कल करण्याचा परवाना आपल्याला मिळाला आहे, असे त्यांना वाटत असावे. ‘गून शो’मध्येही लालकाका आणि बॅनर्जी ही जोडगोळी होतीच.

या सगळ्याचे उत्तर आले ते १९९६ मध्ये, आधी रेडिओवर आणि मग १९९८ पासून बीबीसी टू वर. ‘गुडनेस ग्रेशस मी’. हे नावही मुद्दाम घेतलेले होते : ‘गून शो’तल्याच पीटर सेलर्सने १९६० मध्ये हिंदुस्थानी उच्चारांत म्हटलेल्या एका गाण्याचे ते नाव. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घिर आणि मुंबईत जन्मलेल्या नीना वाडिया या चौघांनी तो उच्चार परत ताब्यात घेतला. त्यातले सर्वांत गाजलेले प्रहसन मुंबईत घडते. मित्रमंडळी शुक्रवारी रात्री ‘इंग्लिश खायला’ विलायती हॉटेलात जातात. ताठर गोऱ्या वेटरच्या साध्यासुध्या नावाचा चुकीचा उच्चार करतात आणि यादीतला सर्वांत मिळमिळीत पदार्थ कोणता, असे मर्दुमकीच्या आवेशात विचारतात. दारू पिऊन भारतीय हॉटेलात शिरणाऱ्या आणि सर्वांत तिखट पदार्थ मागणाऱ्या गोऱ्या टोळक्याचे वागणे एकही खाच न बदलता उलटे केले आहे.

शेवटाचा मुद्दा इथे येतो. ते प्रहसन कसे संपते हे आठवायला मला पुन्हा पाहावे लागले (बटाट्याच्या चिप्सच्या बशांचा ढीग मागवला जातो), पण सुरुवात माझ्या ओळखीच्या प्रत्येक देशी माणसाला पाठ आहे. आरसा धरला की काम झाले. आरशाला शेवट नसतो. तरी कटिंग यांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. त्याच मालिकेत जगातली प्रत्येक गोष्ट मूळची भारतातलीच आहे असे मुलाला पटवणारा एक बाप आहे. पहिल्या दोन वेळा मी खुर्चीतून पडलो होतो. पाचव्या वेळी मात्र शब्द कोणता येणार हे आधीच कळू लागले. आरसा तोच, चेहरा तोच, मग पाहायचे किती वेळ?

माळीवाडा

मी नगरचा. मिलिगन आमच्या गावी जन्मले हे इथे फारच थोड्या लोकांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही सांगितल्यावर समोरचा ‘कोण?’ असे विचारतो, तेव्हा विषय बदलावा लागतो.

लीड्सकरांनी दुसरी बाजू सांगितली, तशी एक तिसरीही आहे. महायुद्धात ब्रिटिश तोफखान्यात लढलेल्या या माणसाला १९६० च्या दशकात कायदा बदलल्यावर कळले की आपण आपोआप ब्रिटिश नागरिक ठरत नाही, कारण जन्म भारतातला आणि वडील आयर्लंडचे. राणीशी एकनिष्ठतेची शपथ घ्या, मग पाहू, असे सांगण्यात आले. ज्या राजमुकुटासाठी बंदूक उचलली त्याचीच शपथ परत कशाला, म्हणून त्यांनी नकार दिला आणि आयरिश पारपत्र घेतले. खुळचट चालींचे मंत्रालय लिहिणाऱ्याला कल्पनाशक्ती लागली असेल. नगरच्या या माणसाला तशी कल्पना सरळ टपालाने घरपोच मिळाली होती.

त्यांच्या कबरीवर ‘मी आजारी आहे असे सांगितले होते ना’ या अर्थाची ओळ आहे, तीही आयरिश भाषेत.

कंदील

मूळ प्रश्न मराठी स्किटचा होता, तिकडे पुन्हा येते.

ओसरी म्हणतात की आपले स्किट शेवटच्या दीड मिनिटात कोसळते. मला वाटते, ते कोसळत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी हवाली केले जाते. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये सुरू झाले तेव्हाची रचना आठवा. नव्या चित्रपटाची मंडळी पाहुणी म्हणून समोर बसलेली आणि थुकरटवाडीची मंडळी त्यांच्याच चित्रपटाची टर उडवत असलेली. भाऊ कदम नायिकेच्या वेषात आले की प्रेक्षक निम्मे हसतात ते त्यांच्याकडे पाहून आणि निम्मे कॅमेऱ्याने टिपलेल्या त्या खऱ्या नायिकेच्या चेहऱ्याकडे पाहून. त्यामुळे स्किटचा शेवट स्किटमध्ये नसतोच. पाहुण्याने पोट धरून मान खाली घातली की तो झाला. आणि त्यानंतर सागर कारंडे पोस्टमन होऊन येत आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेले पत्र वाचत. शेतकरी बापाचे, सैनिकाच्या घरचे. हसून दमलेले सभागृह रडायला लागायचे. पंचलाईनची जागा अश्रूंनी घेण्याचा हा उपाय पायथॉनकडे नव्हता आणि न्यू यॉर्ककडेही नाही. त्यात भावविवशता होती असे कोणी म्हणेल. मी तरी दर वेळी डोळे पुसले आहेत.

२०१८ पासून चालू असलेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये ही जबाबदारी परीक्षकांच्या खुर्चीवर आली. मला तो कार्यक्रम आवडतो. विशाखा सुभेदार त्यात होत्या तेव्हा समीर चौघुले आणि त्या समोरासमोर आले की चाळीतला जिना, सोसायटीची सभा, लग्नाची बैठक असा कोणताही रोजचा प्रसंग पाहता पाहता रुळांवरून घसरायचा, आणि तरी दोघेही अगदी गंभीरपणे आपापला मुद्दा लढवत राहायचे. पण परीक्षक हसून टेबलावर कोसळलेले दाखवणारा तो चौकटीतला चेहरा मला खुपतो. विनोद कुठे आहे हे त्याने मला का दाखवावे? पायथॉनमध्येही प्रेक्षकांचे हसू ऐकू येते हे खरे, पण ते ऐकू येते, दिसत नाही.

शेवटाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे बऱ्याचदा एक पात्र अखेरीस शहाणे होते. अडीच मिनिटे भाडेकरूला छळणारा घरमालक अचानक म्हणतो की आजकाल माणसे एकमेकांशी बोलतच नाहीत. खुळचट चालींच्या मंत्रालयातला साहेब शेवटी चालण्याचे आरोग्याला होणारे फायदे सांगू लागला असता, तर आज त्याची आठवणही कोणी काढली नसती.

झांजवाला

कंदीलताई, अगदी बरोबर. सोंगाड्या शहाणा झाला की त्याची नोकरी गेली. फडात उपदेश करायचा तो वगातल्या राजाने किंवा प्रधानाने, आणि तेव्हाही सोंगाड्या मागे उभा राहून त्याच्या फेट्याचे टोक ओढत असतो.

जुन्या सभासदांना मुंबई दूरदर्शनवरचा ‘गजरा’ आठवत असेल. त्यात एका विषयावरची छोटी प्रहसने निवेदनाच्या दोऱ्यात ओवलेली असत. एखादा तुकडा फसला तरी निवेदक पुढे घेऊन जाई. तिथेही प्रत्येक फुलाला वेगळी गाठ नसायची.

कटिंग

चर्चा चांगली झाली म्हणून माझे मत थोडे हलवतो. परीक्षकाचे हसू, पाहुण्याचा चेहरा, जाहिरात, ढोलकी, लष्करी अधिकारी ही सगळी बाहेरून येणारी माणसे आहेत. प्रहसन स्वतःहून थांबत नाही, कोणीतरी येऊन त्याला थांबवावे लागते. प्रश्न एवढाच उरतो की येणाऱ्याला त्याच वेडेपणात सामील करून घेतले आहे की नाही. पोलिसाला पकडायला दुसरा पोलीस आला, तेव्हा तो सामील झाला. शहाणा घरमालक आणि टेबलावरचा परीक्षक सामील होत नाहीत.

पायथॉनचे काही भाग पाहवत नाहीत हे मत मात्र मी सोडणार नाही.

उत्तररात्र

ओसरी, ज्यांनी पायथॉन कधीच पाहिलेले नाही त्यांनी सुरुवात कुठून करावी? माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला ‘स्पॅम’ हा शब्द नकोशा ईमेलपुरताच ठाऊक आहे.

ओसरी

मग तिथूनच करा. डिसेंबर १९७० मधले ते उपाहारगृहाचे प्रहसन आहे. यादीतल्या जवळपास प्रत्येक पदार्थात डब्यातले ते मांस, कोपऱ्यात बसलेले व्हायकिंग दर थोड्या वेळाने त्याच शब्दाचा कोरस गात असतात आणि त्या गोंगाटात कोणाचेच बोलणे कोणाला ऐकू येत नाही. नकोशा ईमेलना ते नाव पडले ते याच गोंगाटावरून, हे त्याला पाहून झाल्यावर सांगा, आधी नको. त्यानंतर वाद घालण्याचा दवाखाना दाखवा. पोपट शेवटी, आणि तोही घरातली एखादी बिघडलेली वस्तू परत करून आल्याच्या संध्याकाळी.

मिक्सर अजून माझ्याकडेच आहे. उद्या पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी तो सुरू करून दाखवण्याची विनंती मी त्यांनाच करणार आहे.